हरणाऱ्या संघाचे पाठीराखे

नात्यातल्या किंवा ओळखीतल्या कुणाचा तरी मुलगा एमएस करायला अमेरिकेत गेलेला असतो. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पुढे नोकरी, घर, मुलंबाळं सगळं दुसऱ्याच राज्यात होतं. तरीही सप्टेंबर उजाडला की दर शनिवारी त्या घरात कॉलेजच्या रंगाचे स्वेटशर्ट बाहेर निघतात, टीव्हीसमोरून कुणी हलत नाही आणि नाशिकहून आलेल्या आजी-आजोबांनाही ‘आज आपली मॅच आहे’ असं बजावलं जातं. आजी-आजोबांना प्रश्न पडतो आणि तो अगदी रास्त आहे. अमेरिकन फुटबॉल, म्हणजे हातात चेंडू घेऊन धावायचा तो धसमुसळा खेळ, मुलगा जन्मात खेळलेला नाही. मैदानातल्या एकाही खेळाडूला तो ओळखत नाही. त्याच्या वेळचे खेळाडू तर केव्हाच कॉलेज सोडून गेले. मग ही मॅच ‘आपली’ कशी झाली?

हा छंद थोडक्या लोकांचा नाही. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये 1 लाख 7 हजारांवर माणसं बसतात, वानखेडेच्या तिपटीहून जास्त, आणि तिथे खेळतात ती कॉलेजची मुलं. व्यावसायिक फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये 32 संघ आहेत. दरवर्षी जिंकतो एक. म्हणजे 31 संघांच्या चाहत्यांचा हंगाम दरवर्षी निराशेतच संपतो. माणसं केवळ जिंकण्याच्या आनंदासाठी संघाशी बांधली जात असती, तर ही स्टेडियमं कधीच ओस पडली असती. तेव्हा निष्ठेचं मूळ विजयापलीकडे कुठेतरी शोधावं लागतं.

आठव्या वर्षी जडलेला जीव

सेठ स्टीफन्स-डेव्हिडोविट्झ या माहिती-विश्लेषकाने 2014 मध्ये फेसबुकवरची माहिती घेऊन एक साधी गोष्ट तपासली : कोणत्या साली जन्मलेल्या पुरुषांना कोणता बेसबॉल संघ आवडतो? न्यूयॉर्क मेट्स या संघाचे चाहते दोन जन्मसालांमध्ये ठळकपणे जास्त निघाले, 1961 आणि 1978. मेट्सने बेसबॉलची अंतिम मालिका, म्हणजे वर्ल्ड सिरीज, जिंकली ती 1969 आणि 1986 मध्ये. वजाबाकी करून पाहा. दोन्ही वेळा उत्तर आठ येतं. मुलगा आठ वर्षांचा असताना जो संघ जिंकला, त्याची ओढ चाळिशी-पन्नाशीतही टिकून होती. इतर संघांच्या बाबतीतही साधारण हाच नमुना दिसला.

आठव्या वर्षी मुलाला खेळाचे नियम कळू लागलेले असतात आणि शंका घेण्याची सवय अजून लागलेली नसते. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या वयात मूल मैदानावर एकटं जात नाही. वडील नेतात, मामा नेतो, आजोबा खांद्यावर बसवतात. संघाची आवड आणि त्या माणसाची माया मनात एकत्रच शिरतात आणि पुढे त्या वेगळ्या करता येत नाहीत.

अशी दुसरी खिडकी अठराव्या वर्षाच्या आसपास, कॉलेजात उघडते. घर सुटलेलं असतं, ओळखी नव्या असतात आणि आपण कोण याचं उत्तर नव्याने जुळवावं लागतं. ओहायो स्टेट विद्यापीठात मिशिगनविरुद्धच्या सामन्याच्या आठवड्यात कँपसवरच्या पाट्यांमधलं ‘एम’ हे अक्षर लाल पट्टीने खोडून टाकतात. हा सामना पहिल्यांदा खेळला गेला 1897 मध्ये. साताऱ्याहून ऑगस्टमध्ये ओहायो स्टेटच्या गावी, कोलंबसला पोचलेल्या मुलीला नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात सगळं गाव एकाच रंगात न्हालेलं दिसतं. लाल स्वेटशर्ट अंगात घातला की अनोळखी माणसंही तिला टाळी देतात. परक्या मुलखात इतक्या सहज आपलं करून घेणाऱ्या गोष्टी फार थोड्या असतात. बाहेरून आलेले विद्यार्थी कॉलेजच्या संघाला असे चिकटतात ते मला म्हणूनच मुळीच नवलाचं वाटत नाही.

‘आपण’ आणि ‘ते’ तयार कसे होतात

‘आपला’ गट तयार व्हायला किती थोडं कारण पुरतं, हे हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं. ताजफेल पोलंडमधल्या ज्यू कुटुंबात जन्मले. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रान्सच्या सैन्यातून लढले आणि युद्धकैदी झाले. सुटून आले तेव्हा जवळची जवळजवळ सगळी माणसं नाझींनी मारलेली होती. माणूस माणसाला परका का ठरवतो, हा प्रश्न त्यांनी पुस्तकातून उचललेला नव्हता.

1970 च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळच्या शाळकरी मुलांना त्यांनी दोन चित्रकारांची चित्रं दाखवली, पॉल क्ले आणि वासिली कँडिन्स्की. मग मुलांना सांगितलं : तू क्लेच्या गटातला, तू कँडिन्स्कीच्या. प्रत्यक्षात ही वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी केलेली होती. गटात आणखी कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हतं. त्यानंतर प्रत्येकाला इतर मुलांमध्ये पैसे वाटायला सांगितलं. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. एवढंच नाही, दोन्ही गटांना भरपूर मिळेल असा पर्याय समोर असूनही, आपल्याला थोडं कमी मिळालं तरी चालेल पण ‘त्यां’च्यापेक्षा जास्त मिळावं, अशी निवड अनेकदा झाली.

एका चित्रकाराच्या नावावर एवढं घडत असेल, तर शंभर वर्षांची परंपरा, एक गाणं, एक रंग आणि एक शेजारचा वैरी मिळाल्यावर काय होत असेल!

त्याचं उत्तर 1951 च्या एका सामन्यात सापडतं. प्रिन्स्टन आणि डार्टमथ ही दोन नामांकित कॉलेजं. सामना राडेबाज झाला. प्रिन्स्टनचा नावाजलेला खेळाडू डिक काझमायर नाक मोडून मैदानाबाहेर गेला. पुढे डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. आठवडाभर दोन्हीकडची वर्तमानपत्रं एकमेकांवर आगपाखड करत राहिली. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या दोन संशोधकांनी सामन्याची तीच फिल्म दोन्ही कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितलं. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे सरासरी 4.3 नियमभंग दिसले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना त्याच संघाचे 9.8 दिसले.

या मुलांपैकी कुणी खोटं बोलत नव्हतं. डोळ्यांसमोर धावणाऱ्या बावीस माणसांमधून काय टिपायचं हे नजर ठरवते आणि नजर कुठे वळायची हे ‘आपण’ ठरवतो. पंच कायम आपल्याच विरुद्ध निकाल देतो असं जगभरच्या चाहत्यांना मनापासून वाटतं, ते यामुळेच.

सोमवारी अंगात काय आहे?

रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात सात मोठ्या अमेरिकन विद्यापीठांत दर सोमवारी वर्गात बसून मुलांचे कपडे मोजले. शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकलेला असला, तर सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले शर्ट आणि जाकिटं जास्त दिसत. मग त्यांनी विद्यार्थ्यांना फोन करून सामन्याबद्दल विचारलं. जिंकलेल्या सामन्याबद्दल बोलताना ‘आम्ही जिंकलो’ असं येई. हरलेल्या सामन्याबद्दल ‘ते हरले’. गंमत पुढे आहे. फोनवर आधी सामान्यज्ञानाचे काही प्रश्न विचारून काही मुलांना ‘तुम्हाला फारसं जमलं नाही’ असं सांगितलं होतं. हा ‘आम्ही’ आणि ‘ते’ यांतला फरक त्यांच्याच बोलण्यात सर्वांत जास्त होता. स्वतःची मान खाली गेली की माणूस संघाचा हात धरून ती वर करतो. चाल्डिनींनी याला परावर्तित तेजात न्हाणं म्हटलं. सूर्य दुसऱ्याचा, ऊन आपल्या अंगावर.

हरल्यावर अंतर राखणं हा त्याचाच उलटा भाग. पण इथे एक महत्त्वाचा फाटा फुटतो. केंटकी राज्यातल्या मरे स्टेट विद्यापीठाचे डॅनियल वॅन यांनी आपली अख्खी कारकीर्द चाहत्यांच्या अभ्यासाला वाहिली. 1990 मध्ये नायला ब्रान्सकोम्ब यांच्याबरोबर त्यांनी दाखवलं की हवा पाहून येणारे चाहते आणि हाडाचे चाहते हरल्यावर वेगवेगळे वागतात. पहिले शर्ट कपाटात ठेवतात. दुसऱ्यांना ती सोय नसते. संघ त्यांच्या ‘मी’चाच भाग झालेला असतो आणि स्वतःपासून लांब जायचं तरी कसं?

ही एकरूपता किती खोल जाते? इंडियाना विद्यापीठाच्या बास्केटबॉल चाहत्यांना सामना दाखवून झाल्यावर विचारलं गेलं : तुम्हाला शब्दकोडं कितपत सुटेल? नेम किती लागतील? आवडलेल्या व्यक्तीला भेटीला बोलावलं तर ती येईल का? संघ जिंकलेला असला की त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज वर जाई, हरलेला असला की खाली. चेंडू टाकला दुसऱ्याने आणि प्रेमात होकार मिळेल की नाही याची धाकधूक मात्र चाहत्याला!

> चौकट : पराभव शरीरात उतरतो तेव्हा
>
> 2006 चा फुटबॉल विश्वचषक जर्मनीत झाला. म्युनिक परिसरात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना नेहमीच्या 2.66 पट होत्या.
>
> अमेरिकेत एनएफएलमधला आपला संघ रविवारी हरला की त्या शहरातल्या लोकांच्या सोमवारच्या खाण्यात घातक स्निग्ध पदार्थ सुमारे 16 टक्क्यांनी वाढतात. जिंकला की सुमारे 9 टक्क्यांनी घटतात.
>
> सर्वांत गंभीर बाब : जिंकणार अशी खात्री असलेला स्थानिक संघ अनपेक्षितपणे हरला की पुरुषांकडून पत्नीवर किंवा जोडीदारावर होणाऱ्या घरगुती हिंसेत सुमारे 10 टक्के वाढ झाल्याचं डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल या अर्थतज्ज्ञांना 2011 च्या अभ्यासात आढळलं. अपेक्षेप्रमाणे झालेल्या पराभवानंतर अशी वाढ नव्हती.

हरूनही का सुटत नाही?

27 जानेवारी 1991. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, कॅनडाच्या सीमेवर बफेलो नावाचं बर्फाळ शहर आहे. पोलादाचे कारखाने बंद पडून तिथली रया गेलेली. त्या शहराचा बिल्स हा संघ पहिल्यांदाच सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, खेळत होता. शेवटचे आठ सेकंद उरले असताना तो एका गुणाने मागे होता. स्कॉट नॉरवुडने 47 यार्डांवरून लाथ मारली. चेंडू खांबांच्या उजवीकडून बाहेर गेला. सामना गेला, 20-19.

दुसऱ्या दिवशी संघ परतला तेव्हा बफेलोच्या नगरभवनासमोरच्या नायगारा चौकात थंडीत हजारो माणसं जमली होती. एकेक खेळाडू पुढे येऊन बोलत होता आणि गर्दीतून एकच घोषणा उठली : आम्हाला स्कॉट हवा. ती थांबेना. अखेर नॉरवुड पुढे आला, डोळे पुसत चार शब्द बोलला आणि चौकाने त्याला डोक्यावर घेतलं. बिल्स त्यानंतर लागोपाठ आणखी तीन सुपर बोल हरले. आजही बर्फ पडला की बफेलोचे लोक फावडी घेऊन स्टेडियम साफ करायला जातात.

परावर्तित तेजाच्या सिद्धान्तात हा चौक बसत नाही. तिथे तेज नव्हतंच. त्यासाठी दुसरा प्रयोग आठवावा लागतो. 1959 मध्ये इलियट ॲरनसन आणि जड्सन मिल्स यांनी काही विद्यार्थिनींना एका चर्चागटात घेण्याआधी एक परीक्षा ठेवली. काहींना ती सोपी दिली, काहींना खूप लाजिरवाणी. गटातली चर्चा मुद्दाम कमालीची कंटाळवाणी ठेवली होती. तरी ज्या मुलींनी लाजिरवाणी परीक्षा सोसली होती, त्यांना ती चर्चा जास्त रसाळ वाटली. ज्यासाठी आपण सोसलं ते मोलाचंच असणार, असं मन स्वतःला पटवतं. तीस वर्षं हरणाऱ्या संघाच्या चाहत्याने तीस वर्षांचं सोसणं त्यात गुंतवलेलं असतं. शिवाय ते सोसणं चारचौघांत झालेलं असतं आणि एकत्र सोसलेल्या माणसांची गाठ सहसा सुटत नाही.

अनिश्चिततेचाही यात वाटा आहे. डोपामिन हे मेंदूतलं एक रसायन. काहीतरी हवंहवंसं मिळेल या अपेक्षेशी त्याचा संबंध आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी माकडांवरच्या प्रयोगात पाहिलं की बक्षीस मिळण्याची शक्यता निम्मीनिम्मी असते, तेव्हा वाट पाहण्याच्या काळात डोपामिनच्या पेशी सर्वांत जास्त जाग्या असतात. नक्की मिळणार किंवा नक्की नाहीच, अशा वेळी तेवढ्या नसतात. म्हणजे कधीतरीच जिंकणारा संघ माणसाला बांधून ठेवायला पुरेसा असतो.

आणि कधीतरी तो दिवस उगवतोही. शिकागो कब्ज या बेसबॉल संघाने 1908 नंतर वर्ल्ड सिरीज जिंकलीच नव्हती. 2016 मध्ये सातव्या आणि शेवटच्या सामन्यात क्लीव्हलंडविरुद्ध बरोबरी झाली, पावसाने 17 मिनिटं खेळ थांबवला आणि दहाव्या डावात कब्ज 8-7 ने जिंकले. 108 वर्षांनंतर. त्या दिवसांत त्यांच्या रिगली फील्ड या मैदानाच्या बाहेरच्या विटांच्या भिंतींवर लोक रंगीत खडूने नावं लिहीत होते : गेलेल्या वडिलांची, आज्यांची, भावांची. हात पोचेल तिथपर्यंत भिंत भरून गेली. ज्यांनी त्यांना हा संघ दिला, ती माणसं विजय बघायला उरली नव्हती. निष्ठा कुणाशी असते, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

माणसं बदलतात, संघ चालतो

कॉलेजचा खेळाडू साधारण चार वर्षांत जातो. आता तर त्याला कॉलेज बदलणंही सोपं झालं आहे आणि 2021 पासून तो आपल्या नावावर जाहिरातींचे पैसेही कमावू शकतो. प्रशिक्षक बदलतात, मैदानं पाडून नवी बांधतात. मग ‘तोच’ संघ म्हणजे काय? पंढरीच्या वाटेवरची दिंडी डोळ्यांसमोर आणा. वारकरी बदलतात, विणेकरी बदलतो, आजोबांच्या जागी नातू चालतो; पण दिंडीचा क्रमांक, चालायची जागा, अभंगांचा क्रम तोच राहतो आणि दिंडी तीच असते. संघाचंही तसंच. रंग, गाणं, ठरलेला शनिवार, तोच शेजारी वैरी, हे टिकलं की संघ टिकला.

आयोवा विद्यापीठाच्या मैदानाला लागून मुलांचं रुग्णालय आहे. 2017 पासून सामन्याचा पहिला चतुर्थांश संपला की जवळजवळ सत्तर हजार प्रेक्षक मागे वळतात आणि वरच्या मजल्यावरून पाहणाऱ्या आजारी मुलांना हात करतात. बाहेरगावचा प्रतिस्पर्धी संघही करतो, त्याचे चाहतेही करतात. ही प्रथा अगदी अलीकडची, पण त्या संघाची ओळख सांगताना लोक आता सर्वांत आधी तीच सांगतात.

संघ गेला तरी प्रथा राहू शकते, हे बाल्टिमोरने दाखवलं. मार्च 1984 मध्ये एका रात्री बर्फ पडत असताना मालकाने ट्रकमध्ये सगळं सामान भरून कोल्ट्स हा संघ इंडियानापोलिसला हलवला. सकाळी शहर जागं झालं तेव्हा कार्यालय रिकामं होतं. पण संघाच्या बँडचे गणवेश धुलाईला गेलेले असल्यामुळे बचावले. बँडने ठरवलं, आपण वाजवत राहायचं. संघ नसलेला हा बँड 1996 मध्ये शहरात नवा संघ येईपर्यंत वाजत राहिला.

मग संघ कुणाचा?

बाल्टिमोरला मिळालेला तो नवा संघ क्लीव्हलंडहून उचलून आणलेला होता. एका गावाचं दुःख दुसऱ्या गावाला देऊन मिटवलं गेलं. क्लीव्हलंडच्या लोकांनी मात्र इतका गदारोळ केला की ब्राउन्स हे संघाचं नाव, रंग आणि जुने विक्रम शहरातच ठेवावे लागले आणि 1999 मध्ये त्याच नावाने नवा संघ उभा राहिला.

एवढ्या सगळ्या यंत्रणेचा, म्हणजे बालपण, गट, सोसणं, प्रथा यांचा फायदा मालकाला आयता मिळतो. चाहता सहसा दुसऱ्या दुकानात जात नाही, हे मालकाला पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच करातून नवं स्टेडियम बांधून द्या, नाहीतर संघ हलवतो, ही धमकी अमेरिकन शहरांना पुनःपुन्हा ऐकावी लागते. चाहत्याची निष्ठा भाबडी आहे असं मला वाटत नाही. तिच्यावर दुसऱ्याने हक्क सांगणं मात्र अन्यायाचं आहे.

या अन्यायाला विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे या गावाने फार पूर्वी उत्तर शोधून ठेवलं. लोकसंख्या जेमतेम एक लाखावर. तिथला पॅकर्स हा एनएफएलचा संघ 1923 पासून लोकांच्या मालकीचा आहे. पाच लाखांवर भागधारक. 2021 मध्ये शेअर निघाले ते 300 डॉलरला एक. त्यावर लाभांश मिळत नाही, तो बाजारात विकता येत नाही, त्याची किंमत वाढत नाही. तरी माणसांनी रांगा लावून घेतला आणि चौकट करून भिंतीवर टांगला. संघ उद्या विकला गेलाच, तर पैसा भागधारकांना मिळणार नाही, समाजकार्याच्या संस्थेला जाईल. त्यामुळे तो विकण्यात कुणाचाच फायदा नाही. लीगमधल्या सर्वांत लहान शहरातला संघ शंभर वर्षं जागचा हलला नाही, त्याचं कारण ही रचना आहे. आणि एनएफएलच्या आजच्या नियमांनुसार दुसऱ्या कोणत्याही शहराला आपला संघ अशा पद्धतीने विकत घेता येत नाही. तो नियम बदलायला हवा.